हंगाम मध्येच थांबला तर प्रक्षेपणाचा पैसा, सीझन तिकिटे आणि निर्णयाचा अधिकार यांचे काय होते?

अंधेरीचा प्रेक्षक

नमस्कार. इंडियन सुपर लीगचा 2025-26 चा हंगाम ज्या रीतीने रखडला, त्यावरून हा प्रश्न विचारतो आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 साली आयएमजी-रिलायन्सशी केलेला आणि पुढे लीग चालवणाऱ्या एफएसडीएल या कंपनीकडे आलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपणार होता. तो पुढे वाढणार की नाही हे ठरत नव्हते, म्हणून जुलैमध्येच हंगाम स्थगित झाला. नोव्हेंबरात व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि अखेर 6 जानेवारी 2026 रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी 14 फेब्रुवारीपासून चौदा संघांची आखडती स्पर्धा होईल असे जाहीर केले. या काळात खेळाडूंचे वेतन, प्रायोजक आणि न्यायालयातील तारखा यांवर भरपूर चर्चा झाली, पण वर्षभराचे तिकीट काढणाऱ्या माणसाचा विषय कुणी काढला नाही.

2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे युरोपातल्या लीग अशाच अचानक थांबल्या होत्या. तेव्हा न झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपणाचे पैसे कुणी कुणाला परत दिले, सीझन तिकीटधारकांना काय मिळाले, आणि हंगाम संपवायचा की पुढे न्यायचा हे नेमके कुणी, कोणत्या नियमाने ठरवले? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताळेबंद

तिन्ही प्रश्न एकत्र पाहायचे तर इंग्लंडपासून सुरुवात करावी लागेल. 13 मार्च 2020 रोजी प्रीमियर लीग थांबली तेव्हा 92 सामने शिल्लक होते. ते झालेच नाहीत तर प्रक्षेपण कंपन्यांना सुमारे 76 कोटी पौंड परत करावे लागतील, असा आकडा क्लबांसमोर ठेवला गेल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या, आणि पुढच्या तीन महिन्यांतला प्रत्येक निर्णय या आकड्याच्या धाकाखालीच झाला असे माझे मत आहे. 17 जूनला ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याने रिकाम्या स्टेडियमात लीग पुन्हा सुरू झाली आणि 26 जुलैला संपली. एवढे करूनही, सामने ठरल्या वेळी आणि ठरल्या स्वरूपात दिले नाहीत म्हणून कंपन्यांना सुमारे 33 कोटी पौंडांची सूट द्यावी लागली, असे वृत्त होते.

प्रेक्षकांना मैदानात येता येत नव्हते, म्हणून सर्वच्या सर्व 92 सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवण्यात आले. शनिवारी दुपारी सामने टीव्हीवर न दाखवण्याचा, खालच्या श्रेणीतल्या मैदानांची गर्दी राखण्यासाठी केलेला जुना नियम त्यासाठी बाजूला ठेवला गेला. स्कायकडे 64, बीटीकडे 20 आणि बीबीसी व ॲमेझॉनकडे प्रत्येकी चार सामने होते. स्कायने त्यांतले 25 विनाशुल्क दाखवले. प्रीमियर लीगचा सामना थेट दाखवण्याची बीबीसीची ती पहिलीच वेळ होती.

सीझन तिकिटांचा प्रश्न त्या मानाने सरळ होता. तिकीट मैदानात बसण्याचे होते, ते शक्य राहिले नाही, तेव्हा उरलेल्या घरच्या सामन्यांच्या प्रमाणात रक्कम परत देणे भाग होते. बहुतेक क्लबांनी रोख परतावा किंवा पुढच्या वर्षाच्या तिकिटात वळती असे पर्याय दिले, आणि अनेकांनी रक्कम क्लबला किंवा धर्मादाय कामाला सोडून देण्याचीही सोय ठेवली. मोठ्या क्लबांच्या जमाखर्चात ही रक्कम फारशी जाणवली नसेल. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या क्लबांचे मात्र घरच तिकीट खिडकीवर चालते. प्रेक्षकांविना सामने भरवायचे म्हणजे चाचण्यांचा आणि प्रवासाचा खर्च करायचा आणि गल्ल्यात काहीच पडायचे नाही, म्हणून 9 जून 2020 रोजी लीग वन आणि लीग टूच्या क्लबांनी मतदान करून हंगाम तिथेच संपवला आणि क्रमवारी प्रति सामना सरासरी गुणांवर लावली. या गणिताने वायकॉम्ब आठव्या स्थानावरून तिसऱ्या स्थानावर गेला आणि पुढे प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचे बाद सामने, जिंकून वरच्या श्रेणीत पोहोचला. याच गणिताने ट्रॅनमिअर खाली गेला. त्याचे 34 सामन्यांत 32 गुण होते आणि वरच्या एएफसी विम्बल्डनचे 35 सामन्यांत 35. म्हणजे हातात एक सामना जास्त असताना, तो न खेळताच, त्याला श्रेणी सोडावी लागली.

प्रेक्षकाला गृहीत धरण्याचा खरा नमुना ऑक्टोबर 2020 मध्ये दिसला. नव्या हंगामातले जे सामने टीव्हीच्या करारात नव्हते ते प्रत्येकी 14.95 पौंड घेऊन दाखवायचे लीगने ठरवले. टीव्हीचे मासिक शुल्क भरणाऱ्या माणसाने घरात बसून आणखी एवढे पैसे मोजावेत, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली कुणास ठाऊक. न्यूकॅसलच्या चाहत्यांनी सामना घेण्याऐवजी तेवढे पैसे शहरातल्या अन्नपेढीला दिले, इतर क्लबांच्या चाहत्यांनी तेच केले, आणि नोव्हेंबरात योजना गुंडाळावी लागली.

ग्लासगोवासी

निर्णय कुणी घेतला, हा आपला तिसरा प्रश्न समजून घ्यायला स्कॉटलंड जास्त उपयोगी आहे, कारण तिथे सगळे एकाच क्लबच्या मतापाशी अडकले होते.

एप्रिल 2020 मध्ये स्कॉटिश लीगने ठराव आणला की प्रीमियरशिप या सर्वोच्च श्रेणीखालच्या तिन्ही श्रेणींचा हंगाम संपला असे मानावे, आणि प्रीमियरशिपबाबत हाच अधिकार संचालक मंडळाला द्यावा. ठरावाला जोडलेली मेख अशी की क्रमवारीनुसार मिळणारी रक्कम हंगाम अधिकृतपणे संपल्याशिवाय वाटता येणार नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. तिजोरी रिकामी झालेल्या लहान क्लबांना एका बाजूला आपली श्रेणी आणि दुसऱ्या बाजूला पगाराचे पैसे, असे दोन्ही एकाच कागदावर ठेवून मत मागितले गेले. कर्जाऊ रकमेचा पर्याय रेंजर्सने सुचवला होता, तो मंडळाने मतदानालाच येऊ दिला नाही.

ठराव संमत होण्यासाठी प्रीमियरशिपमधील 12 पैकी 9, चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीतील 10 पैकी 8 आणि खालच्या दोन श्रेणींतील 20 पैकी 15 क्लबांची संमती लागत होती. शुक्रवार, 10 एप्रिलला संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावे अशी विनंती होती. डंडी क्लबने विरोधाची मतपत्रिका ईमेलने पाठवली. ती आपल्यापर्यंत वेळेत पोहोचलीच नाही, ईमेल यंत्रणेच्या गाळणीत अडकली, असे लीगने सांगितले. दरम्यान डंडीने ते मत मोजू नये असे कळवले. चॅम्पियनशिपमध्ये तेवढेच एक मत बाकी होते, आणि कंपनी कायद्यानुसार अशा लेखी ठरावाला 28 दिवसांची मुदत असल्यामुळे पाच वाजताच्या वेळेला कायदेशीर अर्थ उरला नव्हता. पाच दिवसांनी डंडीने बाजूने मत दिले आणि ठराव संमत झाला. 18 मे रोजी प्रीमियरशिपही संपवण्यात आली, सेल्टिक विजेते ठरले, आणि आठ सामने बाकी असताना चार गुणांनी मागे असलेला हार्ट्स खाली गेला. हार्ट्स आणि पार्टिक थिसल यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, प्रकरण लवादाकडे गेले, तिथेही ते हरले.

लबाडीचा पुरावा चौकशीत सापडला नाही, हे नमूद केले पाहिजे. पण हंगाम खंडित झाल्यास काय करायचे हे नियमात आधी लिहिलेले नसले, की ज्याला निकालाचा फायदा-तोटा आहे तोच मतदार होतो, आणि मग कितीही प्रामाणिक मतदान झाले तरी त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

तिकिटांबाबत इथे एक चांगली गोष्ट झाली. स्कॉटिश फुटबॉल टीव्हीपेक्षा मैदानातल्या प्रेक्षकांवर जास्त जगते. त्यामुळे 2020-21 पासूनच्या स्कायच्या करारात क्लबांना आपले घरचे सामने सीझन तिकीटधारकांना ऑनलाइन दाखवण्याची मोकळीक मिळाली, आणि मैदाने बंद असतानाही लोकांनी तिकिटे काढली.

कलम बावीस

ताळेबंद यांच्या मांडणीत थोडी भर घालतो, थोडा विरोधही नोंदवतो. टीव्हीच्या पैशाच्या धाकाने निर्णय झाले हे खरे, पण तो धाक सगळीकडे वाईटच ठरला असे नाही. जर्मनीत पहिल्या दोन श्रेणींच्या 36 क्लबांची मिळून एकच संस्था आहे. शेवटचा प्रक्षेपण-हप्ता मिळाला नाही तर किती क्लब बुडतील याचा हिशेब तिने उघडपणे मांडला, आरोग्याचा आराखडा सरकारपुढे ठेवला आणि 16 मे 2020 रोजी, युरोपातल्या मोठ्या लीगपैकी सर्वांत आधी, खेळ सुरू केला. चाहत्यांच्या संघटनांचा रिकाम्या मैदानातल्या सामन्यांना विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नाही. त्याच वेळी म्योन्शेनग्लाडबाखमध्ये चाहत्यांनीच 19 युरोंत आपला पुठ्ठ्याचा पुतळा खुर्चीवर बसवण्याची योजना काढली आणि हजारो पुतळे स्टँडमध्ये बसले.

नेदरलँड्सने हंगाम सोडून दिला: आयाक्स आणि एझेड 56 गुणांवर बरोबरीत होते, तरी विजेता जाहीर केला नाही, कुणाला वर नेले नाही, कुणाला खाली पाठवले नाही. बढतीच्या उंबरठ्यावर असलेला काम्बूर न्यायालयात गेला आणि हरला.

फ्रान्सची कथा मात्र नीट वाचण्यासारखी आहे, आणि आपल्याकडच्या निविदेच्या संदर्भात तर अधिकच. 28 एप्रिलला पंतप्रधान एद्वार फिलिप यांनी संसदेत हंगाम पुन्हा सुरू होणार नाही असे सांगितले, दोन दिवसांनी लीगने क्रमवारी गोठवली, आणि प्रक्षेपण कंपन्यांचे हप्ते बुडाल्यामुळे क्लबांसाठी सरकारच्या हमीवर सव्वाबावीस कोटी युरोंहून थोडे अधिक कर्ज काढले. 9 जूनला देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हंगाम संपवणे वैध ठरवले, पण आमियां आणि तुलूझ यांना खाली पाठवणे स्थगित केले. पुढच्या हंगामात बावीस संघ घ्यायचे का, हा प्रश्न पुन्हा क्लबांच्याच मतदानाला गेला आणि त्यांनी वीसच ठेवले. दोघे खाली गेले ते गेलेच.

या सगळ्यात आशा होती ती 2020-24 च्या नव्या करारावर. मीडियाप्रो या स्पॅनिश प्रक्षेपण कंपनीने वर्षाला 80 कोटी युरोंच्या घरात रक्कम कबूल केली होती. तिने ऑक्टोबर 2020 चा हप्ताच भरला नाही आणि डिसेंबरमध्ये करार मोडला. लीगने तिच्याकडून बँक हमी न घेता मूळ कंपनीची हमी चालवून घेतली होती, आणि तीही इटलीच्या लीगने 2018 मध्ये याच कंपनीचा करार हमीच्याच मुद्द्यावरून रद्द केल्यानंतर! पुढे मीडियाप्रोकडे असलेल्या सामन्यांपैकी बराचसा वाटा ॲमेझॉनला वर्षाला 25 कोटी युरोंना गेला. साथ नसती तरी हे कधीतरी उघडे पडलेच असते. साथीने फक्त घडी लवकर आणली.

बांबोळकर

गोव्याचा उल्लेख कुणी केला नाही, म्हणून लिहितो. 2020-21 ची इंडियन सुपर लीग संपूर्णपणे आमच्याकडे झाली. फातोर्डा, बांबोळीचे जीएमसी मैदान आणि वास्कोचे टिळक मैदान अशा तीन ठिकाणी अकरा संघांचे 115 सामने प्रेक्षकांविना खेळले गेले. प्रक्षेपणाच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख होती. फुटबॉलवेड्या सासष्टीतल्या माणसाला मात्र घराजवळच्या फातोर्ड्यातला सामना टीव्हीवर पाहावा लागला, आणि मुंबई सिटीने साखळीत अव्वल आल्याची ढाल मिळवून 13 मार्च 2021 रोजी अंतिम सामन्यात करंडकही जिंकला तेव्हा त्या हंगामात मुंबईत त्यांचा एकही सामना झालेला नव्हता.

ग्लासगोवासी यांनी सांगितलेला मतदानाचा गोंधळ आपल्याकडे झाला नाही, पण त्याचे कारण अभिमान वाटावा असे नाही. आपल्या लीगमध्ये व्यावसायिक हक्क क्लबांच्या हाती नव्हते, ते महासंघाने करारान्वये एका कंपनीला दिले होते. त्यामुळे 2025 मध्ये करार संपत आला तेव्हा महासंघ, कंपनी आणि सर्वोच्च न्यायालय या तिघांकडे क्लब नुसते पाहत राहिले. महासंघाच्या घटनेचा निकाल 19 सप्टेंबर 2025 रोजी लागला. त्याआधी ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत कराराच्या नव्या अटी ठरवायलाच मोकळीक नव्हती. 2022 च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने महासंघाला अकरा-बारा दिवस निलंबित केले होते, त्या प्रकरणाचे मूळही घटनेच्या याच घोळात होते.

अंधेरीचा प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. एवढेच विचारतो: प्रेक्षकाला या निर्णयांत काही अधिकार कुठे लेखी मिळाला आहे का?

ताळेबंद

जर्मनीत आधीपासून आहे. तिथे मोजके अपवाद सोडता क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सदस्यांच्या संस्थेकडे असावी लागतात. इंग्लंडमध्ये एप्रिल 2021 मध्ये बड्या युरोपीय क्लबांनी वेगळी सुपर लीग काढण्याचे बंड दोन दिवसांत फसल्यावर चाहत्यांच्या बाजूने आढावा झाला, आणि त्यातून 21 जुलै 2025 रोजी फुटबॉल प्रशासनाचा कायदा अस्तित्वात आला. त्यानुसार पहिल्या पाच श्रेणींतल्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना घ्यावा लागणार, आणि तिकिटांचे दर बदलताना चाहत्यांशी सल्लामसलत करणे बंधनकारक होणार, अशी तरतूद आहे. प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणी यांच्यात पैशांच्या वाटपावर एकमत झाले नाही तर त्यात पडण्याचा अधिकारही नियामकाकडे आहे. मात्र खंडित हंगामातला परतावा तिथेही तिकिटावरच्या अटी आणि ग्राहक कायदा यांवरच चालतो.

तेव्हा आपण नव्या हंगामाचे तिकीट काढाल त्या वेळी त्यावर घरच्या सामन्यांची संख्या लिहिली आहे, की नुसता ‘हंगाम’ असा शब्द आहे, हे आधी तपासून घ्या. तेरा संघांच्या दुहेरी साखळीत घरचे बारा सामने होत असत. चौदा संघांच्या एकेरी साखळीत ते सहा किंवा सात होतात, आणि दर जुनाच असेल तर तो प्रश्न क्लबला तिकीट घेण्यापूर्वी लेखी विचारलेला बरा.