राळेवरची बुरशी: प्रजाती नवीन आहे हे कसं ठरवायचं?

पानगळ: पाइनच्या जुन्या राळेवर अर्ध्या मिलिमीटरच्या काळ्या टिकल्या आहेत, काहींना देठ आहे. आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) सीक्वेन्सची सर्वात जवळची जुळणी ९३ टक्के. नवीन प्रजाती म्हणता येईल का? आणि नमुना चिकट आहे, काप नीट निघत नाहीत.

बीजाणू: नुसत्या ९३ टक्क्यांवर नाही. राळेवरच्या कितीतरी जुन्या प्रजातींचे सीक्वेन्स जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहात नाहीतच, त्यामुळे तुमची बुरशी शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेलीही निघू शकते.

देठाच्या आणि बिनदेठाच्या टिकल्या वेगळ्या करा, बहुधा दोन बुरश्या आहेत. बिनदेठाची काळी बशी आणि एकेका ॲस्कसमध्ये (बीजाणूंच्या सूक्ष्म पिशवीत) बारीक गोल बीजाणूंची दाटी दिसली, तर आधी सारिया डिफॉर्मिस तपासा. देठ, आठच बीजाणू आणि तेही तपकिरी असतील तर कीनोथेकॉप्सिस या बुरशीच्या वंशाकडे वळा. नवीन काही मिळायची आशा तिथे जास्त. किमान ३० पक्व बीजाणू मोजा, बीजाणूत आडवा पडदा आहे का ते नोंदवा, आणि वर्णन जुन्या टाइप नमुन्यांशी (ज्यांवरून प्रजातींना नावं दिली त्या मूळ नमुन्यांशी) ताडा.

सूक्ष्मदर्शी: चिकटपणावर उपाय: तुकडा फ्रीजरमध्ये ठेवा. गार राळ ठिसूळ होते, ब्लेडने टिकली अलगद सुटते. मग इथेनॉलमध्ये थोडा वेळ धुवा, नाहीतर राळेचे थेंब बीजाणूंसारखे दिसून फसवतात. ओव्हनमध्ये वाळवू नका, राळ वितळून टिकल्या बुडतात. कागदी पाकिटातही नको, चिकटते. तुकडा छोट्या डबीच्या तळाला डकवा.

पानगळ: देठवाल्यांचा डीएनए काढला, पण पीसीआर (डीएनएच्या भागाच्या असंख्य प्रती काढणं) लागत नाही.

सूक्ष्मदर्शी: राळेतली द्रव्यं पीसीआर अडवतात. डीएनए दहापट पातळ करा, बीएसए (अडथळा आणणारी द्रव्यं बांधून ठेवणारं प्रथिन) घाला. जेलवर डीएनएची पट्टी आली तरी हुरळू नका: पृष्ठभागावरच्या क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरश्या सहज वाढून येतात. म्हणून आयटीएससोबत एलएसयू हा डीएनएचा दुसरा भागही करा आणि दोन्ही वेगवेगळ्या टिकल्यांवरून पुन्हा काढून बघा.

बीजाणू: नाव द्यायची वेळ आलीच, तर वाळवलेला होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकच नमुना) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात हवा. जिवंत वाढत असलेलं कल्चर टाइप म्हणून चालत नाही. प्रजातीचं वेगळेपण सांगणारं वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत, आणि २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदणीचा क्रमांक छापणं सक्तीचं. तो नसेल तर नाव वैधच ठरत नाही.