वाफवलेलं पोर्क: तुमच्या घरी कसं करतात? अनुभव सांगा

आमच्याकडे रविवारी युक बेंग असतं. नवरा हाँगकाँगचा, मी डोंबिवलीची, राहतो काउलूनला. युक बेंग म्हणजे पोर्कचा खिमा ताटलीत पसरून वाफवायचा, बस, दिसायला अगदीच करडं आणि गरीब, पण घरातल्या चाळिशीच्या माणसाला विचारलं की शाळेतून आल्यावर काय खायचास, तर हेच. पूर्वी सासूबाई दोन सुरे घेऊन खटाखट मांस बारीक करायच्या, आता हात थरथरतात म्हणून मी करते, आणि त्या किचनच्या दारात खुर्ची टाकून नुसत्या बघत बसतात, बोलत काहीच नाहीत, त्याचंच जास्त टेन्शन येतं.

माझी पद्धत: खांद्याचं मांस, त्यात चरबी तीसेक टक्के तरी हवीच, नाहीतर रबर होतं. सोया सॉस, चिमूटभर साखर, पांढरी मिरी, कॉर्नफ्लोर आणि थोडं थोडं पाणी घालत एकाच दिशेने ढवळायचं, हाताला चिकटेपर्यंत. खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पांढरा भाग आत मिसळायचा आणि पिवळा चपटा करून वर ठेवायचा. मग मीठ अजिबात नाही. ताटली काठाची घ्या कारण जो रस सुटतो तोच खरा माल, भातावर ओतायला पोरं भांडतात. मोठ्या आचेवर १२ ते १५ मिनिटं पुरतात. आता तुम्ही सांगा.

* * *

टोरांटोहून लिहितेय. आमचे शेजारी कलकत्त्याचे हाक्का, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या चिनी समाजातले, टांगऱ्यात (कलकत्त्याची चिनी वस्ती) वाढलेले, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतात. इथे हाक्का हॉटेल म्हटलं की सगळे चिली चिकन मागवतात पण त्यांच्या घरात चिनी नववर्षाला जे होतं ते वेगळंच, मेई छाय खौ रौ. पोटाकडचं चरबीवालं पोर्क अख्खा तुकडा उकडायचं, कातडीला टोचे मारून सोया सॉस चोळायचा, कातडी तळायची (झाकण हातात धरून उभं राहा, तेल छतापर्यंत उडतं), मग जाड काप करून वाडग्यात कातडी खाली येईल असे लावायचे, वर खारवून वाळवलेली मोहरीची भाजी दाबून भरायची आणि दोन तास वाफ. शेवटी ताटात उपडं करायचं. ती भाजी नीट भिजवून दोन-तीनदा धुवा, पानांत रेती असते. शेजारच्या मावशी म्हणतात मांस पाहुण्यांना, भाजी घरच्यांना, आणि मला त्या भाजीच वाढतात त्यामुळे मी खूश आहे.

* * *

मी वुहानला एमबीबीएसला होतो. २०२० च्या फेब्रुवारीत विमानाने परत आणलं आणि नंतरचा अभ्यास बराचसा लॅपटॉपवरच झाला, ते सोडा. कॅन्टीनला फन जंग रौ मिळायचं, तांदळाच्या भरड्यात घोळवून वाफवलेलं पोर्क. हूबेईत वाफवण्याचं फार वेड, मांस मासे भाज्या सगळं त्या तांदळात घोळवून वाफवतात.
आता पुण्यात घरी करतो. तांदूळ चक्रीफूल, दालचिनीसोबत मंद भाजायचा, अगदी आपल्या भाजणीसारखा वास सुटला की मिक्सरला रवाळ काढायचा, पीठ नाही करायचं नाहीतर लगदा होतो. मांसाला सोया, आलं, थोडी साखर लावून अर्धा तास ठेवायचं, भरड्यात घोळवायचं, खाली रताळ्याच्या फोडी लावायच्या आणि मोदकपात्रात तासभर. आईचं मोदकपात्र वेगळं ठेवलंय हां, गणपतीवाल्याला हात लावायची परवानगी नाही 😄 वडील पोर्क खात नाहीत, ते फक्त खालची रताळी खायचे, मग आईने विचारलं की अहो चरबी कुठे उतरते असं वाटतं तुम्हाला, तेव्हापासून रताळ्यांची पण वेगळी वाटी.

* * *

सगळ्यांचं वाचून भूक लागली. मी मालवणची, सिंगापुरात, नवरा कँटोनीज. आमच्याकडे अंड्याऐवजी खारी मासळी घालतात, युक बेंगवर पातळ तुकडे आणि आल्याच्या काड्या. सगळ्यात भाव मा यौच्या खाऱ्याला, आणि मा यौ म्हणजे आपला रावस! हे कळलं तेव्हा मला सासर एकदम जवळचं वाटायला लागलं. बाकी सोसायटीत वासावरून कुरबुर झालीच तर मी म्हणते माझ्या माहेरी याहून जास्त सुटतो.

* * *

सासूबाई बसून बघतात हे वाचून हसले, ताई, सगळीकडे सारखंच. एक विचारायचं होतं, काही रेसिपीत वॉटर चेस्टनट असतं, त्याऐवजी शिंगाडा चालेल का?

* * *

(धागाकर्ती) चालेल की. झाड वेगळं आहे पण युक बेंगमध्ये काम कुरकुरीतपणाचंच आहे. ताजा कच्चा घ्या, सोलून बारीक चिरा, उकडलेला नको. आणि मा यौ वाल्या ताई, किती मासळी घालता ते प्लीज लिहा, या रविवारी करणार आहे, सासूबाईंना आधी सांगणार नाही.