‘डेबियन टाका आणि विसरून जा’ : यातले विसरायचे कोणी?

खाडीकाठ (चिपळूण)

‘सह्यकडा’ यांनी काल येथे लिहिले की, शंभरएक संगणकांच्या संस्थेने विंडोज सर्व्हरच्या परवान्यावर पैसे घालवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. त्याऐवजी डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकावी आणि विसरून जावे. अडाणी म्हटल्याचे दुःख नाही, पण ‘विसरून जावे’ हे मला झोंबले, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या पतसंस्थेचे संगणकांचे जाळे मी सांभाळतो तिचे मुख्य कार्यालय चिपळुणात आहे, शाखा गुहागरपासून राजापूरपर्यंत पसरल्या आहेत आणि टेबलाटेबलावरच्या नव्वदेक संगणकांवर विंडोजच आहे. लिपिकाची बदली झाली की त्याचा प्रिंटर, त्याचे फोल्डर, त्याचे अधिकार हे सारे मी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (विंडोज सर्व्हरवरची वापरकर्त्यांची आणि संगणकांची मध्यवर्ती नोंदवही) बसल्या जागी फिरवतो. सांबाची (विंडोजचे हे काम लिनक्सवर करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरची) चौथी आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये आली आणि तेव्हापासून सांबाही त्या डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती नोंदवही सांभाळणारा सर्व्हर, होऊ शकते, हे मला ठाऊक आहे. परंतु दोन सांबा कंट्रोलर ठेवले की सिसव्हॉलची, म्हणजे डोमेनचे नियम ठेवणाऱ्या फोल्डरची, नक्कल आपोआप होत नाही, ती आरसिंक हे नक्कल करणारे साधन लावून आपणच जुळवत बसावे लागते, याचा आपल्या लिखाणात उल्लेखही नव्हता.

आणि सेंटओएस ८ या दुसऱ्या फुकट लिनक्सचे काय झाले? २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी ते बसवले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना कळले की २०२१ च्या अखेरीस सगळे आटोपणार आहे. याउलट विंडोज सर्व्हर २०१६ चा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे) १२ जानेवारी २०२७ ला संपणार, ही तारीख मला संचालक मंडळापुढे केव्हाच ठेवता आली. परवान्याचे पैसे मोजून मिळते ते हे.

सह्यकडा (रत्नागिरी)

मी डेबियन म्हटले होते, आपण उत्तर सेंटओएसला दिलेत. डेबियन कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही; प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे नियमित आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो. सेंटओएस ८ वाले तरी कुठे रस्त्यावर आले? त्याची जागा घेणारे अल्मा आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्येच उभे राहिले आणि पुष्कळांनी सर्व्हर नव्याने न उभारता जागच्या जागी पालट केला.

संचालक मंडळापुढे तारीख ठेवलीत हे उत्तमच, पण हिशेब ठेवलात का? सर्व्हरमागे प्रोसेसरच्या किमान सोळा कोअरचा परवाना घ्या, वर नव्वद संगणकांचे सीएएल (सर्व्हर वापरण्याचे वेगळे परवाने) घ्या, शाखांनी रिमोट डेस्कटॉपवरून यायचे असेल तर त्याचे सीएएल निराळे घ्या, आणि २०१६ सोडून २०२५ वर जाल तेव्हा जुने सीएएल बाद धरून पुन्हा तिजोरी उघडा. विंडोज सर्व्हरकडून नुसता डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप मिळणारा, नेटवर्कचा पत्ता घेणाऱ्या संगणकालाही सीएएल लागतो, हे किती सभासदांना माहीत आहे? एवढे मोजून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस आला तो कोणाच्या घरी आला, तेही सांगा.

हिशेबनीस (कुडाळ)

दोघांचेही वाचले. आमच्या शिक्षणसंस्थेत एका पुरवठादाराने ‘आता परवाना नाही’ असे सांगून लिनक्स बसवले. टॅली विंडोजसाठी बनते हे त्यांना मागाहून आठवले. मग त्याच लिनक्सवर आभासी यंत्र (संगणकातला संगणक), त्यात विंडोज, आणि त्या विंडोजचा परवाना, असा दुहेरी संसार सुरू झाला, जो निस्तरायला त्यांच्याकडचे कोणी नंतर फिरकले नाही.

पण खरे सांगायचे तर आमचा डेटा ना विंडोजने घालवला ना लिनक्सने. तो वळवाच्या पहिल्या सरीत वीज गेली तेव्हा गेला, कारण सर्व्हर घरगुती इन्व्हर्टरला जोडलेला होता आणि वीज बदलण्याच्या त्या क्षणात तो दर वेळी बंद पडून पुन्हा सुरू होत असे. यावर कोणीच का लिहीत नाही?

जांभा (देवगड)

ताई, इन्व्हर्टर हे अर्धेच कारण आहे. अर्थिंग तपासले का? आपल्याकडे हातभर खणले की कातळ लागतो, खड्ड्यात कोळसा-मीठ भरले तरी एप्रिल-मे महिन्यांत तो कोरडा ठणठणीत होतो, आणि न्यूट्रल-अर्थमधला विजेचा दाब वाढला की आधी नेटवर्क कार्ड जातात. मी ज्या कार्यालयात काम केले तिथे पाणी घालायला माणूस नेमल्यावर कार्ड जाणे थांबले.

हिशेबनीस

अर्थिंगचे काम नव्याने करून घेतले आहे आणि पाणीही घालतो. आपण न पाहता निदान करता. माझा प्रश्न इन्व्हर्टरचा आहे.

जांभा

न पाहता नव्हे, अशी कार्यालये आयुष्यभर पाहून बोलतो आहे. ‘नव्याने केले’ म्हणजे कंत्राटदाराने बिल नव्याने केले, हेही पाहिलेले आहे. मीटर लावून मोजा आणि मग माझ्यावर रागवा.

सह्यकडा

चर्चा खड्ड्यात गेलीच आहे तर सांगतो : यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडा. डेबियनवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ फुकट मिळते. बॅटरी उतरू लागली की ते सर्व्हर रीतसर बंद करते आणि त्याच यूपीएसवरच्या बाकीच्या यंत्रांनाही निरोप देते.

खाडीकाठ

कातळ पुरे झाला. यूपीएसची तार विंडोजलाही कळते.

वॉनाक्रायचे उत्तर राहिले आहे. विंडोजच्या ज्या छिद्रातून ते शिरले त्याचे ठिगळ मार्च २०१७ मध्येच निघाले होते. ज्यांनी लावले नाही ते बुडाले. आणि त्याच मे महिन्याच्या २४ तारखेला आपल्या सांबातही दुरून घुसता येईल असे भोक जाहीर झाले, जे ३.५ आवृत्तीपासून सात वर्षे तसेच होते. ज्यांनी ‘टाकून विसरले’ त्यांना ते कळलेच नाही.

आता माझा मूळ मुद्दा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा आमचा सर्व्हर वरच्या मजल्यावर होता म्हणून कोरडा राहिला, पण पुढे दमट हवेत तो सुरूच होईना. महामार्ग बंद, फोन लागत नव्हते. गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीचा एक मुलगा वाट काढत आला आणि त्याने बॅकअपच्या डिस्कवरून साध्या डेस्कटॉपवर सर्व्हर उभा केला, कारण त्याला विंडोज येत होते. लिनक्स जाणणारे माझ्या माहितीतले सगळे पुण्यात होते. प्रणाली निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की, घाट बंद असताना चालत येऊ शकेल अशा माणसाला काय येते.

सह्यकडा

एका हुशार मुलाच्या भरवशावर नव्वद संगणक ठेवणे याला नियोजन म्हणत असाल तर माझी हरकत नाही. उद्या तोही पुण्याला जाईल. डेबियनवर तेच काम कागदावर लिहिलेल्या दहा ओळींत होते, आणि त्या ओळी वाचायला शृंगारतळीतही माणसे मिळतील.

तरीही आपल्या पुरापुढे माझा हिशेब फिका दिसणार, म्हणून एवढे मान्य करतो : जिथे टेबलावर विंडोज आहे तिथे डोमेन कंट्रोलर विंडोजचा ठेवा. फाइल आणि बॅकअपचे सर्व्हर मात्र डेबियनवर न्या, म्हणजे निदान तेवढे पैसे वाचतील.

खाडीकाठ

डोमेन विंडोजचे राहिले की नव्वद सीएएल लागणारच. वाचतील ते फक्त त्या दोन सर्व्हरच्या कोअरचे परवाने. विंडोज सर्व्हरच्या ‘स्टँडर्ड’ प्रकाराच्या एका परवान्यात दोन आभासी यंत्रे बसतात, त्यामुळे कंट्रोलर आणि फाइल सर्व्हर तेवढ्यात निभतात. उरला बॅकअपचा. तो डेबियनवर नेतो, कारण विंडोजवर चालणारे खंडणीचे व्हायरस तिथे तसेच चालत नाहीत. याला आपण विजय समजलात तरी चालेल.

हिशेबनीस

मीटर लावला. जांभा यांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.