टोमॅटो-मिरचीची रोपं लुळी पडतायत, ट्यूब किती उंचीवर टांगावी?

प्रश्न: बंद बाल्कनीत रॅकवर ९८ कप्प्यांचा प्रोट्रे (रोपं तयार करायचा ट्रे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेला. ट्रेपासून दीड फुटावर ४ फुटी, २० वॅटची एक एलईडी ट्यूब. उगवण छान झाली, पण देठ दोऱ्यासारखे होऊन आडवे पडतात. महागडा ग्रो लाइट (रोपांसाठीचा खास दिवा) घ्यावाच लागेल का?

उत्तर १: अजिबात नको. ट्यूब खाली आणा, शेंड्यापासून १०-१५ सेंमी. ६५०० केल्विनची (उजेडाच्या रंगाचं माप) साधी पांढरी ट्यूब रोपांपुरती चालते, फक्त दोन लावा, मध्ये १५ सेंमी अंतर ठेवून. ट्यूबच्या टोकांशी उजेड कमी पडतो, म्हणून ट्रे मधोमध. साखळी आणि एस-हुकवर टांगा. रोपं वाढतील तशी एकेक कडी वर घ्यायची.

उत्तर २: टायमर लावून १४-१६ तास. चोवीस तास ठेवलात तर टोमॅटोची पानं पिवळी पडतात. पहिला कोंब दिसला की लगेच दिवा सुरू, एक-दोन दिवसांचा उशीरही नडतो. मिरची सावकाश उगवते, तिचा ट्रे वेगळा करून खाली विटा ठेवा, म्हणजे शेंडे एका पातळीत येतील.

उत्तर ३: वरचं अंतर ट्यूबचं. १०० वॅटचं एलईडी ग्रो लाइट पॅनल असेल तर ४५ सेंमीपासून सुरुवात. शेंडे पांढुरके झाले की आणखी वर. लांबलेला टोमॅटो फेकू नका, बीजपत्रांपर्यंत (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांपर्यंत) पुरून लावा, खोडाला मुळं फुटतात. मात्र देठ कोकोपीटलगत तपकिरी होऊन चिमटला असेल तर तो मर हा बुरशीजन्य रोग आहे, तिथे दिवा हलवून उपयोग नाही. पाणी कमी करा.