ओजेटी म्हणजे फुकटची हमाली?

ऐरोलीकर:
काल इथे एकाने ओजेटीबद्दल, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत जाऊन करायच्या ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल लिहिलं, 'ओजेटी म्हणजे कंपन्यांना फुकटचे मजूर, मुलांनी वर्गात बसावं.' वाचून राहवलं नाही. माझी मुलगी एम.कॉम.ला आहे. दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटची ओजेटी, महाप्यातल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये. पहिल्याच आठवड्यात बिलांचा गठ्ठा पुढ्यात. एका सप्लायरने जीएसटीचं रिटर्न भरलं नव्हतं, म्हणून त्याचं बिल टू-बीत, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत दिसेना आणि कंपनीची कराची वजावट अडकली. पोरीने चार दिवस फोन करकरून त्याच्याकडून रिटर्न भरून घेतलं. टॅक्सच्या पेपरात चांगले मार्क होते तिला, पण हे कुठल्या पुस्तकात शिकणार होती? अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ पासून मुलं आलटूनपालटून वर्ग आणि काम करतात.

कळव्याची आई:
तिकडे त्या कामाचा पगार मिळतो, तेही लिहा! माझ्या मुलाने महिनाभर झेरॉक्स काढल्या. रोज ठाण्याला गाडी बदलून तुर्भे. पास आमच्या खिशातून, वडापाव आमच्या खिशातून.

वाशीचा मास्तर:
साठ मुलांना जागा शोधणारा मी एकटा. निम्मी मुलं काकाच्या दुकानाचा शिक्का मारून डायरी आणतात, त्याचं काय?

कळव्याची आई:
सर, शिक्क्याचं नंतर. पैशांचं बोला.

वागळे इस्टेट:
माझं वर्कशॉप आहे. सहा आठवड्यांसाठी आलेल्या पोराला मशीनला हात लावू दिला आणि बोट गेलं तर? शिकवण्यात माझा फिटर अडकतो. वर पगारही मीच द्यायचा?

कळव्याची आई:
हो, द्यायचा! अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसला दरमहा किमान ९,००० ठरले. २०२४ च्या राज्याच्या कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,०००. मग ओजेटीच्या पोरांनीच काय घोडं मारलंय?

वागळे इस्टेट:
त्या योजनेचे पैसे सरकार देतं, बाई. धंदा करून बघा, मग बोला.

कळव्याची आई:
बाई म्हणू नका. वीस वर्षं नोकरी करून घर चालवलंय मी.

ऐरोलीकर:
भांडू नका. पैशांबाबत ताईंचं खरं आहे, माझ्या मुलीलाही दमडी मिळाली नाही. तरी मी तिला पुन्हा पाठवेन.

कळव्याची आई:
बिलांचं काम मिळालं असतं तर मीही पाठवलं असतं. एवढं मान्य. पासाचे पैसे मात्र कंपनीनेच द्यायचे.

वाशीचा मास्तर:
पुढच्या खेपेला कंपन्यांच्या पत्रात प्रवासखर्चाची ओळ घालतो. आणि मुलाला नेमकं काय काम देणार, तेही लिहून मागतो.

वागळे इस्टेट:
पास देईन. दोनच मुलं पाठवा, आणि सहा आठवडे नको, सहा महिने.