मदत हवी आहे: सोसायटीत रानभाज्यांचा ओळखवर्ग घ्यायचाय

ठाण्यात सोसायटीच्या गच्चीवर जुलैच्या पहिल्या रविवारी दोन तासांचा वर्ग ठरतोय. पंचवीसेक जण, त्यात पाच-सहा मुलं. शेवळं, टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली घ्यायच्यात. घोळ कुठे होऊ शकतो? चव द्यावी का? आणि घरी न्यायला करटोलीचा एकेक कंद दिला तर?

प्रतिसाद १
पाचही भाज्या एका रविवारी मिळणार नाहीत. शेवळं मृगाच्या आगेमागे येतात, जुलैपर्यंत संपत आलेली असतात. करटोलीचा खरा बहर त्यानंतर, श्रावणाच्या सुमारास. शेवळांसाठी जूनमध्ये वेगळा तास ठेवा.

सर्वात जास्त वेळ फोडशीला द्या. कोवळी कळलावी तिच्यासारखी दिसू शकते आणि कळलावी विषारी आहे, कंद तर फारच. फोडशीची सगळी पानं थेट जमिनीतून झुबक्याने निघतात. कळलावीला खोड असतं आणि पानं खोडावर येतात. 'पानाचं टोक वळलेलं असेल तर कळलावी' एवढंच शिकवू नका, कारण कोवळ्या कोंबाच्या खालच्या पानांना तो वळसा नसतो. नमुना मुळासकट दाखवा. फोडशीला जाड मुळांचा गुच्छ, कळलावीचा कंद नांगरासारखा वाकडा (संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यामुळेच). मुलं आहेत, म्हणून कळलावीचे फक्त मोठे छापील फोटो आणा. चुकून खाल्ली गेलीच तर त्रास काही तासांनी सुरू होतो. त्याची वाट न पाहता झाडाचा तुकडा घेऊन लगेच रुग्णालय गाठायचं, हे वर्गात स्पष्ट सांगा.

टाकळ्याला पानाच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याची टोकं अणकुचीदार आणि जोड्या जास्त.

प्रतिसाद २
चव द्या, पण शिजवूनच आणि छोटा चमचाभर. कच्चं पान कुणाच्याही तोंडात जाऊ देऊ नका.

शेवळं खाजतात ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. बाहेरचं आवरण सोला, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाका. घाईत तोच राहतो आणि घसा धरतो. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं (काकडाच्या झाडाची छोटी आंबट फळं) उकडून, कुस्करून त्यांचा रस घाला आणि मऊ होईपर्यंत शिजवा. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ, सढळ हाताने. भारंगीचा पाला उकळून पाणी पिळून टाका, नाहीतर कडूपणामुळे लोक पुन्हा हात लावणार नाहीत. फोडशीच्या बुडाचा कडक पांढरा दांडा काढा.

भाजी रस्त्याकडेची किंवा नाल्याकाठची नको. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या आदिवासी मावशींकडून घ्या, आणि त्यांनाच ओळख करून द्यायला बोलवा, ठरवून मानधन देऊन. त्यांच्याइतकी कोवळ्या पानाची पारख पुस्तकातून येत नाही.

प्रश्नकर्ता
फार उपयोग झाला. जूनचा तास वेगळा ठेवतो. कंदाचं काय?

प्रतिसाद १
एकेक कंद नको. करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे; एकट्या मादी वेलाला फळ धरणार नाही. गच्चीवर एकत्र लावा: सात-आठ माद्यांमागे एक नर. मादी फुलाखाली काटेरी गाठ दिसते. संध्याकाळी फुलं उमलली की नर फूल तोडून मादीच्या मध्यावर हलकेच फिरवा.

घरी टाकळ्याचं बी द्या. साल टणक असते, म्हणून काचकागदावर घासून रात्रभर भिजवायला सांगा. वीतभर वाढला की शेंडे खुडायचे. शेंगा पिकू दिल्या तर पुढच्या पावसात प्रत्येक कुंडीत टाकळाच उगवेल.