मदत हवी आहे: पिस्तुलाच्या नळीवर रस्ट ब्लूइंग, एकाच जागी डाग येतोय

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतोय. तोंडाकडून भरायचं, छोट्या स्फोटक टोपीवर उडणारं जुन्या पद्धतीचं एकबारी पिस्तूल किटवरून जुळवतोय. नळी प्रूफ होऊन (म्हणजे जादा दारू भरून, उडवून तपासून) आलेली आहे, कागदपत्रं जागेवर आहेत, त्यामुळे तो विषय इथे नको प्लीज. माझं काम फक्त लाकूड आणि फिनिशिंग.

लाकडाचं काम झालं, आणि खरं सांगतो त्यात जी मजा आली ती कशातच नाही. अक्रोडाचा दस्ता, त्यात अष्टकोनी नळी बसवायची. दिव्यावर काजळी धरायची, ती नळीच्या खालच्या पैलूंना हलकी फासायची, नळी खाचेत दाबून उचलायची, आणि लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच पटाशीने कागदाएवढी साल काढायची. परत काजळी, परत दाबा, परत काढा. दोन आठवडे रात्री हेच, बायको म्हणाली घरात भूत शिरल्यासारखे काळे हात घेऊन फिरतोस. पण आता नळी आणि लाकडाच्या मधे नख जात नाही.

आता मूळ दुखणं. नळीला स्लो रस्ट ब्लूइंग करतोय, म्हणजे मुद्दाम बारीक गंज चढवायचा आणि तो उकळून काळा करायचा, असे थरावर थर. हॉट सॉल्टवालं घरात करायची हिंमत नाही, १४० डिग्रीच्या आसपास उकळणारा कॉस्टिक कोण सांभाळणार. पैलू कानसून ३२० च्या पेपरपर्यंत आणले, लांबीच्या दिशेने, पैलूंच्या धारा मरू दिल्या नाहीत. अ‍ॅसिटोनने पुसलं, हातमोजे घातले, तयार मिळणारं सोल्युशन जवळजवळ कोरड्या बोळ्याने एकदाच ओढलं (दुसऱ्यांदा त्यावरूनच फिरवलं की तांबूस चट्टे येतात, हे पहिल्याच दिवशी शिकलो), मग दमट पेटीत तीन तास. मखमलीसारखा बारीक लाल गंज चढतो, मग पंधरा मिनिटं उकळायचं की तोच लाल गंज काळा मॅग्नेटाइट होतो, आणि वरची सुटी काजळी स्टील वूलने घासून काढायची. अशा पाच फेऱ्या झाल्यात.

नळीचा पुढचा पाऊण भाग एक नंबर, राखाडीवरून निळसर काळ्याकडे चाललाय. पण मागच्या टोकाला, ब्रीच प्लगच्या (नळीचं मागचं टोक बंद करणारा आट्यांचा तुकडा) सांध्यापासून बोटभर अंतरात, प्रत्येक वेळी पांढुरका डाग. तिथे गंज धरतच नाही. दोनदा घासून पहिल्यापासून सुरू केलं तरी डाग तिथेच. पाणी डिस्टिल्ड आहे, स्टील वूल अ‍ॅसिटोनमध्ये धुतलंय. स्टीलच वेगळं असेल का तिथलं? की प्लग काढूनच करावं?

प्रतिसाद १:
प्लगला हात लावू नका. कारखान्याने घट्ट बसवून प्रूफ केलेली वस्तू आहे, उघडून परत बसवलीत तर त्या प्रूफला अर्थ राहत नाही. स्टीलचा काही दोष दिसत नाही. डाग कायम सांध्यापाशीच येतो म्हणताय ना, मग तेल आहे. उकळताना पाण्यावर तवंग येतो का ते बघा. आणि नळीचं तोंड कशाने बंद करता?

धागाकर्ता:
लाकडी बूच ठोकतो, दुसऱ्या बाजूला निपलच्या (ज्यावर टोपी बसते तो भाग) भोकातही छोटं बूच. तवंग बघितला नाही, आज बघतो.

प्रतिसाद २:
घ्या, सापडलं. दोन्हीकडून बंद केल्यावर आतली हवा तापून फुगते, तिला वाट नाही, मग ती प्लगच्या आट्यांमधून बाहेर पडते आणि आट्यांत बसलेलं तेल सोबत आणते. तुम्ही बाहेरून कितीही अ‍ॅसिटोन मारा. बुचं काढून नळी उघडीच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा, पाणी बदलून परत, तवंग यायचा थांबेपर्यंत. जुनी बुचं टाकून द्या, तीही तेल प्यायलेली असणार. पुढे उकळताना निपलचं भोक उघडं ठेवा.

धागाकर्ता:
साहेब, पाया पडतो. पहिल्या उकळीला सांध्यातून बारीक बुडबुडे आणि पाण्यावर इंद्रधनुष्य! चार पाणी बदलली तेव्हा स्वच्छ झालं. डागाची जागा घासून फेरी घेतली, आज पहिल्यांदा तिथे लाल गंज धरलाय, बाकी नळीच्या मानाने फिका आहे. उरलेल्या फेऱ्यांत मिळून येईल का, की सगळीच नळी परत घासू?

प्रतिसाद २:
अजून तीन फेऱ्या संपूर्ण नळीवर घ्या, फिका भाग पुढच्याला गाठतो बहुतेक. नाहीच गाठला तर मग घासा. शेवटच्या उकळीनंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा आणि नळी कोमट असतानाच तेल चोपडून रात्रभर ठेवा, आतूनही तेलाचं फडकं फिरवा. माझ्या पहिल्या नळीला हे केलं नव्हतं, आठवड्याने दस्त्यातून काढली तर खालच्या पैलूंवर परत लाल.